जोतीरावांचं उईलपत्र

बायको आणि मुलाच्या उद्याची सोय व्हावी म्हणून महात्मा फुल्यांनी १८८७ साली एक कागद केला. शाळेच्या पुस्तकात तो सहसा येत नाही. पण त्यांचं सगळं आयुष्य त्या कागदात उतरलंय.

महात्मा फुल्यांवर बोलायला सांगितलं, तर आपल्यापैकी कुणीही पाच मिनिटं सहज बोलेल. भिडेवाडा, मुलींची पहिली शाळा, पाण्याचा हौद, सत्यशोधक समाज. शाळेत असताना प्रत्येकाने एकदा तरी हे भाषण ठोकलेलं असतं. पण जोतीराव घरात कसे होते? त्यांच्याकडे पैसा किती होता? आपण गेल्यावर सावित्रीबाईंचं आणि मुलाचं कसं होणार, याची काळजी त्यांना वाटत होती का?

वाटत होती. त्याचा पुरावाही आहे. १० जुलै १८८७ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, जोतीरावांनी आपलं मृत्युपत्र केलं आणि सरकारदरबारी त्याची रीतसर नोंदणी करून घेतली. त्या काळी विल या इंग्रजी शब्दाचं मराठीत उईल झालं होतं. म्हणून हा कागद जोतीरावांचं उईलपत्र म्हणून ओळखला जातो आणि त्यांच्या समग्र वाङ्मयात तो वाचायला मिळतो.

मृत्युपत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला बंगला, वकील आणि भांडणारी भावंडं येतात. इथे तसं काही नाही. इथे एक नवरा, एक बायको आणि साधारण तेरा वर्षांचा मुलगा आहे. या तिघांचं घर त्या वेळच्या कोणत्याच चौकटीत बसत नव्हतं, आणि खरी अडचण तिथेच होती.

नगरने दाखवलेली वाट

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवायचं काम मिळालं आणि फुले हेच आडनाव झालं. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच गेल्या. वडील गोविंदरावांच्या नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं. म्हणजे ज्या बाईने आपल्याला जन्म दिला नाही, तिच्या मायेवर हा मुलगा मोठा झाला. पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवा.

१८४० साली सावित्रीबाईंशी लग्न झालं. नवरा तेरा वर्षांचा, नवरी नऊ. शिक्षण मध्येच सुटलं होतं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांना समजावलं, म्हणून जोतीराव पुन्हा शाळेत गेले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ अशी वर्षं गेली. याच काळात त्यांनी शिवाजी महाराजांची आणि अमेरिकेच्या जॉर्ज वॉशिंग्टनची चरित्रं वाचली. थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तकही याच सुमाराचं.

आणि मग येतं आपलं नगर. आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तेव्हाच्या कागदांत ते अहमदनगरच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे काम सुरू केलं होतं. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीच्या निमित्ताने नगरला होते. १८४८ साली जोतीराव इथे आले आणि गोवंडेंसोबत मिस सिंथिया फेरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या.

या फेरारबाई अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या. १८२७ साली, म्हणजे जोतीरावांच्या जन्माच्याच वर्षी, त्या जहाजाने मुंबईला उतरल्या. लग्न न केलेली बाई एकटी इतक्या लांब शिकवायला येते, हीच तेव्हा नवलाची गोष्ट. १८३९ पासून त्या नगरला होत्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या शाळा बघून जोतीराव परत गेले आणि त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं तेही नगरला फेरारबाईंकडे आणि नंतर पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये.

घरातली बाई स्वतः कमावू शकते, शिकवू शकते, संस्था चालवू शकते, हे या जोडप्याने आधी नगरमध्ये पाहिलं आणि मग स्वतः करून दाखवलं.

घरातून बाहेर

शाळा काढल्याचं बक्षीस काय मिळालं? १८४९ साली वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं. लोकांचा दबाव इतका होता की गोविंदरावांना मुलगा आणि समाज यांतून एक निवडावं लागलं. उस्मान शेख यांनी या जोडप्याला आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या.

म्हणजे बाविसाव्या वर्षी जोतीरावांना कळून चुकलं होतं की वडिलोपार्जित घर म्हणजे काही हक्काची गॅरंटी नाही. नातं तुटलं की छप्परही जातं. जे उभं करायचं ते स्वतःच्या हिमतीवर.

आणि त्यांनी उभं केलंही. समाजसुधारक म्हटलं की आपण खिसा रिकामा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणतो. जोतीराव मात्र चांगले धंदेवाईक होते. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी ही त्यांची फर्म. पूल, कालवे, इमारतींसाठी माल पुरवणं, सरकारी बांधकामांची कंत्राटं घेणं हा व्यवसाय. कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी त्यांचं नाव जोडलं जातं. मांजरीला त्यांची शेती होती. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते.

पैसा येत होता, पण थांबत नव्हता. शाळा, पुस्तकं छापणं, दुष्काळात अन्नछत्र, घरात कायम माणसांचा राबता. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कमावलेलं असं वाटून टाकणाऱ्या माणसाच्या घरात शिल्लक किती राहणार, हा हिशोब आपणही करू शकतो.

यशवंत

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल झालं नाही. दुसरं लग्न कर, असा आग्रह घरच्यांनी धरला. तेव्हा ही अगदी रोजची गोष्ट होती. पहिल्या बायकोला कुणी विचारतही नसे. जोतीरावांनी साफ नकार दिला.

१८६३ मध्ये या दोघांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. त्या काळी उच्चवर्णीय विधवांचा पुनर्विवाह समाजाला मान्य नव्हता. अशा विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे दोनच रस्ते उरत. आत्महत्या करायची, नाहीतर मूल जन्मताच मारून टाकायचं. फुल्यांनी तिसरा रस्ता दिला. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर आम्ही सांभाळू.

काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा अशीच आली. तिला मुलगा झाला. सावित्रीबाईंनी स्वतःच्या हाताने बाळाची नाळ कापली. १८७४ च्या सुमारास त्या मुलाला फुले दांपत्याने आपला मुलगा म्हणून घेतलं. नाव ठेवलं यशवंत.

आज वाचताना हे सगळं छान वाटतं. पण जरा कायद्याच्या नजरेने बघू या.

कायदा कुणाच्या बाजूने होता?

त्या वेळच्या हिंदू कायद्यानुसार दत्तक मुलगा दत्तक घेणाऱ्याच्या जातीचा असावा लागे. माळी बाप आणि ब्राह्मण विधवेच्या पोटचा मुलगा, हे दत्तक कुणीही कोर्टात ओढलं असतं. यशवंतची बाजू तिथे लंगडी पडली असती.

सावित्रीबाईंचं काय? विधवेचा हक्क तर आणखीच पातळ. कुटुंब एकत्र असेल तर विधवेला फक्त पोटगी, म्हणजे अन्नवस्त्र. नवरा विभक्त असेल आणि मुलगा नसेल तर मिळकत तिच्याकडे येई, पण ती जिवंत असेपर्यंतच. ती स्वतःच्या मर्जीने विकू शकत नसे. ती गेली की सगळं नवऱ्याच्या भाऊबंदांकडे परत. हे चित्र १९३७ च्या कायद्याने थोडं बदललं आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने खऱ्या अर्थाने बदललं. म्हणजे जोतीराव गेल्यावर तब्बल ६६ वर्षांनी.

थोडक्यात, जोतीराव काहीही न लिहिता गेले असते तर काय झालं असतं? यशवंत वारस नाही, असं भाऊबंदांनी म्हटलं असतं. सावित्रीबाईंच्या हातात मिळकत असती ती उसनवारीची. चाळीस वर्षं सोबतीने झिजलेली बाई कायद्याच्या लेखी स्वतःच्याच घरात पाहुणी ठरली असती.

पण एक फट होती. आपल्या जुन्या शास्त्रांत मृत्युपत्र अशी गोष्ट नव्हती. इंग्रजी कोर्टांमुळे ती आली. एकोणिसाव्या शतकात हिंदू माणूस स्वतः कमावलेल्या मिळकतीचं मृत्युपत्र करू शकतो, हे कोर्टांनी मान्य केलं होतं. आणि जोतीराव स्वकमाईचे होते. या फटीचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

वॉशिंग्टनच्या घरातली गोष्ट

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा होता असं समजू नका. फेरारबाई ज्या अमेरिकेतून आल्या, तिथल्या सुरुवातीच्या काळातली मृत्युपत्रं पाहिली की गंमत वाटते आणि वाईटही. लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला जमिनीच्या एक तृतीयांश भागाचा वापर, तोही ती जिवंत असेपर्यंतच. म्हणून तिथले शेतकरी मृत्युपत्रात बारीकसारीक गोष्टी लिहीत. बायकोला घरातली अमुक खोली, एक गाय, अंथरूण, वर्षाचं धान्य, मुलाने तोडून द्यायचं सरपण. आणि बऱ्याचदा एक अट: ती विधवा राहील तोपर्यंतच. दुसरं लग्न केलं तर खोलीही गेली आणि गायही.

जोतीरावांनी ज्याचं चरित्र तरुणपणी वाचलं, त्या वॉशिंग्टनच्याच घरात याचं मोठं उदाहरण आहे. त्याची बायको मार्था ही आधी विधवा होती. तिचा पहिला नवरा डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. कायद्याने मार्थाला त्याच्या इस्टेटीचा एक तृतीयांश भाग मिळाला, पण हयातीपुरता. त्या इस्टेटीत गुलाम माणसंही होती.

पुढे वॉशिंग्टनने जुलै १७९९ मध्ये स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. त्यालाही स्वतःचं मूल नव्हतं. मार्थाला हयातभर मिळकतीचा उपभोग दिला. स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना तिच्या मृत्यूनंतर मुक्त करावं, म्हाताऱ्यांना जन्मभर खायला घालावं, पोरक्या मुलांना लिहावाचायला आणि एखादा हुन्नर शिकवावा, असं लिहून ठेवलं. त्याच डिसेंबरमध्ये तो गेला. मार्थाने वाट न पाहता १ जानेवारी १८०१ ला त्या माणसांना मुक्त केलं. पण तिच्या पहिल्या नवऱ्याकडून आलेल्या गुलामांना ना वॉशिंग्टन मुक्त करू शकला, ना ती. ते तिचे नव्हतेच, तिच्याकडे फक्त हयातीपुरते होते. १८०२ मध्ये ती गेली आणि ती माणसं नातवंडांत वाटली गेली. एका माणसाने चार ओळी न लिहिल्याचा भुर्दंड ४५ वर्षांनी दुसऱ्याच माणसांच्या घरांना बसला.

जोतीरावांना हे मृत्युपत्र माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेकडे त्यांचं लक्ष होतं हे नक्की. १८७३ साली आलेलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं आहे. माणूस माणसाची मालमत्ता असू शकत नाही, हे त्यांना तिथेही दिसलं आणि इथेही.

उईलपत्रात काय आहे?

आता त्या कागदाकडे येऊ. त्यात मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, घर कुणाचं. जोतीरावांनी आपल्या मागे सावित्रीबाई आणि यशवंत या दोघांना पुढे ठेवलं. यशवंत अजून अज्ञान होता, त्यामुळे त्याला वाढवण्याची आणि शिकवण्याची जबाबदारी सावित्रीबाईंची. बायकोला एक खोली आणि वर्षाचं धान्य देऊन बाजूला बसवणारं हे मृत्युपत्र नाही. घराची सूत्रं तिच्या हातात देणारं आहे.

दुसरी गोष्ट, यशवंतचा जन्म. जोतीरावांनी तो लपवला नाही. कुठून आला, कुणाचा, सावित्रीबाईंनी त्याला कसं हातात घेतलं, हे सरळ नोंदवलं. आपल्याकडे असल्या गोष्टी झाकण्याकडे कल असतो. त्यांनी उलट केलं. उद्या कुणी हा तुमचा मुलगा नाही म्हणून बोट दाखवलं, तर त्याचं उत्तर नोंदणी झालेल्या कागदात आधीच तयार होतं.

तिसरी गोष्ट, अट. यशवंत नालायक निघाला, उनाड झाला, तर मिळकत त्याला नाही. मग सत्यशोधक समाजाच्या लोकांनी बहुमताने माळी, कुणबी, धनगर वगैरे समाजांतला एखादा हुशार मुलगा निवडायचा आणि त्याला वारस करायचं. हे वाचून मी थबकले. मुलावर एवढं प्रेम, त्याच्यासाठी एवढी कायदेशीर धडपड, आणि तरी रक्ताला काय, लाडालाही सवलत नाही. वारसा म्हणजे जन्माचा हक्क नाही, ती लायकीने सांभाळायची जबाबदारी आहे, हे जे त्यांनी आयुष्यभर पुरोहितशाहीला सुनावलं, तेच स्वतःच्या घरालाही लावलं.

चौथी गोष्ट, स्वतःचा देह. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं. अंत्यविधीला भट-पुरोहित नकोत. जे सत्यशोधक पद्धतीचं लग्न त्यांनी लोकांना दिलं, त्याच न्यायाने स्वतःचं मरणही.

कागद आणि माणसं

मृत्युपत्र झाल्यावर वर्षभरातच कसोटी सुरू झाली. ११ मे १८८८ ला मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच जुलैमध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव थोडे सावरले आणि डाव्या हाताने लिहायला लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ असं पूर्ण झालं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मागे.

धंदा बसला होता. आजारपणाचा खर्च होता. १८९० साली मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या जोडप्याची ओढाताण कळवली. ज्याने शेकडो लोकांना जेवू घातलं, त्याच्या चुलीची काळजी मित्रांना करावी लागली. त्याआधी ४ फेब्रुवारी १८८९ ला यशवंतचं लग्न सत्यशोधक पद्धतीने, ज्ञानोबा ससाने यांच्या मुलीशी झालं होतं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले.

आणि लगेच प्रश्न उभा राहिला, अंत्ययात्रेत टिटवं कोण धरणार? टिटवं म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं. ते धरायचा मान वारसाचा. म्हणजे भांडण मडक्याचं दिसत असलं तरी मुद्दा वारशाचाच. यशवंतच्या नावाला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या आणि टिटवं स्वतः हातात घेतलं. ज्या काळात बाया स्मशानात जातसुद्धा नसत, त्या काळात एक विधवा नवऱ्याच्या प्रेतापुढे चालली. उईलपत्राने घराची सूत्रं जिच्या हाती दिली होती, ती बाई त्या दिवशी सगळ्यांसमोर घरधनीण म्हणून उभी राहिली.

देह पुरण्याची इच्छा मात्र राहून गेली. राहत्या घराच्या आवारात पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. दहन करावं लागलं. पुण्यातल्या फुलेवाड्यात आज समाधी आहे ती त्याच घराच्या आवारात.

पुढे काय झालं?

यशवंत नालायक निघाले नाहीत. डॉक्टर झाले, लष्करात नोकरीला लागले. सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाची धुरा घेतली. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा यशवंतांनी रजा घेऊन हडपसरजवळ ससाने यांच्या माळावर दवाखाना थाटला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथे आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

मृत्युपत्राच्या नजरेने पाहिलं तर जोतीरावांचा अंदाज बरोबर ठरला. ज्या दोघांवर विश्वास टाकला, ते दोघंही त्याला पुरून उरले. पर्यायी वारस शोधायची वेळ समाजावर आलीच नाही.

पण गोष्ट इथेच गोड होऊन संपत नाही. यशवंतही फार जगले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वारले. त्यांची दुसरी पत्नी चंद्रभागा आणि लहान मुलगी मागे राहिल्या. त्यांच्या वाट्याला गरिबी आली. फुल्यांचं राहतं घरसुद्धा विकावं लागलं. ज्या माणसाने सुनेच्या आधीच्या पिढीसाठी एवढी काळजी घेतली, त्याच्याच सुनेला हे दिवस आले. कागद हक्क देतो, तिजोरी भरत नाही. आणि तो करणाऱ्याच्या पुढच्या पिढीने पुन्हा करावा लागतो.

मग समाजावर टाकलेला विश्वास? तो एका वेगळ्या अर्थाने फळला, आणि आपल्याच जिल्ह्यात. नेवासे तालुक्यातल्या तरवडीत मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक पत्र चालवलं. एका खेड्यातून निघणारं वर्तमानपत्र, आणि ते चाललं अनेक दशकं. मुकुंदराव हे जोतीरावांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांचे पुत्र, पाटील घराण्यात दत्तक गेलेले. जोतीरावांनी उईलपत्रात कल्पिलेला हुशार मुलगा, शेतकरी समाजातला, रक्ताचा नसलेला, तो असा कोर्टाबाहेरच सापडला म्हणायचा.

आपल्यासाठी थोडं कामाचं

विषय निघालाच आहे तर काही गोष्टी माहीत असू द्या. परीक्षेला नाही, घराला उपयोगी पडतील.

• वय १८ पूर्ण आणि शुद्धीवर असलेली कुणीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. मुलगीही, मुलगाही.

• स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं. मात्र दोन साक्षीदार हवेत. ज्याला वाटा मिळणार आहे तो साक्षीदार नसलेला बरा.

• नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. दुय्यम निबंधक कार्यालयात होते. जोतीरावांनी केली होती, हे विसरू नका.

• मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. शेवटचं असेल तेच खरं.

• वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःच्या वाट्यापुरतंच लिहिता येतं.

आपल्याकडे घरात हा विषय काढला की मोठी माणसं म्हणतात, अभद्र बोलू नको. शेतीच्या सातबाऱ्यावर आजी, आई, आत्याचं नाव आहे का, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? या रविवारी जेवताना विचारून बघा. चुलते रागावतील कदाचित. जोतीरावांचेही भाऊबंद रागावलेच होते.